मोताळ्याच्या बाजारातलं ठेवघर

बुलढाण्याला डिझाइनचा कोर्स करायला जायचं ठरलं, तेव्हा आईनं माझ्या बॅगेत गुपचूप दोन ब्लाऊजपीस टाकून दिले. मी ते बाहेर काढून विचारलं, हे काय? तर म्हणाली, "शिकूनच राह्यली तर एक माह्या मापाचा शिव. गळा मांगून जरा मोठा ठेव."

"आई, हे कपड्याचं डिझाइन नाही."

"मंग कायचं हाय?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. बीएस्सी होऊन मी घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं, आणि घरातून रोज बाहेर पडायला मिळावं एवढीच माझी इच्छा होती. कोर्सच्या कागदावर लिहिलं होतं, 'नव्या वस्तू आणि नव्या सेवा कशा घडवायच्या: वापरणाऱ्यांकडून शिका.' मुलींना फी नव्हती. मोताळ्याहून सकाळची बस पकडायची, राजूर घाट चढून बुलढाण्याला उतरायचं, संध्याकाळी परत. मला एवढं पुरेसं होतं.

वर्ग एका बियाण्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायचा. जिन्यात औषधाचा उग्र वास, वर आलं की मोठ्या खिडक्या आणि गार वारा. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी जी मुलगी येऊन बसली ती सुलतानपूरची. बुलढाण्यात तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची. तिचे अब्बा बांगड्यांचे व्यापारी. लोणार, बीबी अशा गावी, जिथं बाजार असेल तिथं मोटरसायकलवर बांगड्यांची पेटी बांधून जायचे. ती मला म्हणाली, "मले वाटलं कम्प्युटरचा कोर्स हाय. अठी तर एकबी कम्प्युटर नाही." आणि हसली. तिचं हसणं उचकीसारखं सुरू व्हायचं आणि मग थांबायचंच नाही. ते ऐकून मीही हसायला लागले, आणि आम्हा दोघींना वर्गात पहिल्याच तासाला पहिली ताकीद मिळाली.

ताकीद देणाऱ्या मॅडम पुण्याकडच्या. पायात धावायचे बूट, केस आखूड, आणि कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न: "आणि मग?" त्यांना आमची बोली कळायला जरा वेळ लागला. एकदा मी सांगितलं, "आई बाजारात जाऊन राह्यली, म्हणून फोन उचलत नाही." मॅडमनी काळजीनं विचारलं, "कुणाकडे राहिल्या? परत कधी येणार?" सगळा वर्ग बाकांवर आडवा पडला. मग त्यांना समजावून सांगितलं, की आमच्याकडे माणूस जाऊन राहतो, जेवून राहतो, झोपून राहतो, आणि तरी कुठंच राहत नाही. त्यांनाही इतकं हसू आलं की डोळे पुसत त्यांनी खडू खाली ठेवला.

त्या म्हणाल्या, "सुरुवातीला कुणीही काहीही बनवायचं नाही. कल्पना सुचल्या तर गिळून टाकायच्या. फक्त बघायचं." आणि आम्हाला बसस्टँडवर पाठवून दिलं.

मी त्या स्टँडवर लहानपणापासून हजारदा उतरले असेन. पण त्या सकाळी आम्ही दोघी चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसलो आणि मला वाटलं, हे मी आज पहिल्यांदा बघतेय. लोक फलकावरची वेळ वाचायचे. मग खिडकीवर जाऊन तीच वेळ विचारायचे. मग चहाच्या टपरीवर जाऊन पुन्हा तेच विचारायचे, आणि टपरीवाल्यानं मान डोलावली की मगच निवांत बसायचे. बस आली की पुरुष खिडकीतून रुमाल आत फेकायचे, सीटवर रुमाल पडला की सीट त्यांची. एका बाईकडे रुमाल नव्हता, तिनं खिडकीतून कोथिंबिरीची जुडी टाकली. आत बसलेल्या माणसानं ती जुडी शेजारच्या सीटवर नीट सरळ ठेवली आणि बाई वर येईपर्यंत राखली.

"हे तर बुकिंगच हाय ना वं!" माझी मैत्रीण ओरडली. "कोथमिरीचं बुकिंग!"

एक म्हातारे बाबा बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. शेवटी जवळ आले. "पोरीहो, कोनाची वाट पाहून राह्यल्या?"

"कोनाचीच नाही, बाबा."

"मंग?"

"मानसं पाहून राह्यलो."

"काऊन?"

"शिकाले."

बाबा जरा विचारात पडले. मग आमच्या बाकावर टेकले आणि तेही बघायला लागले. त्यांची बस आली, ते उठले, आणि जाता जाता म्हणाले, "चांगला धंदा हाय. मी बी करीन आता." आम्ही दोघी त्यानंतर घाईनं वर्गाकडे निघालो, कधी एकदा हे सगळं मॅडमला सांगतो असं झालं होतं. रस्त्यानं चालतानासुद्धा मान इकडे तिकडे फिरत होती. केळीवाला घड कसा टांगतो, सायकलवाला कुलूप कुठं लावतो, शाळेतली मुलं दप्तर पोटावर का घेतात. जगभर कुणीतरी माझ्यासाठी जत्रा मांडून ठेवली होती आणि इतके दिवस मी खाली मान घालून त्यातून चालत गेले होते.

मग विचारायचं कसं, ते आलं. तिथं आम्ही सपशेल आपटलो. मला एक कल्पना सुचली होती आणि ती मी गिळली नव्हती. बाजारात काय काय आलंय ते मोबाइलवर घरबसल्या दिसेल, असं ॲप. आम्ही दोघी गल्लोगल्ली फिरून बायकांना विचारलं, असं ॲप आलं तर आवडेल का? सगळ्या म्हणाल्या, हो. काही म्हणाल्या, लय चांगलं होईल बाई. एका काकूंनी तर चहा पाजला. आम्ही वर्गात नाचत आलो.

मॅडमनी विचारलं, "एकही जण नाही म्हणाली नाही?"

"एकही नाही, मॅडम!"

"मग अजून आपल्याला काहीच कळलेलं नाही."

आमची तोंडं पडली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या दारात कुणाची लेक आली, उन्हातून आली, आणि हौसेनं काही विचारलं, तर तुम्ही नाही म्हणाल?" मैत्रीण पटकन म्हणाली, "आमची खाला तर कोनालेच नाही म्हनत नाही. तिनं घरात चार कुकर घेऊन ठेवले."

"तेच. पुढचं विचारू नका. मागच्या बाजारात काय झालं ते विचारा. आणि विचारण्यापेक्षा सोबत जा."

सोबत जायचं तर कुणासोबत? माझ्या आईसोबत. मोताळ्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मैत्रीण बुलढाण्याहून सकाळच्या बसनं खाली आली. नियम असा होता, की मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही, सुचवायचं नाही. फक्त मागोमाग चालायचं.

आईला हे समजावून सांगितलं होतं. पण समजावणं वेगळं आणि प्रत्यक्ष वेगळं. तिनं आधी मिरच्या घेतल्या, लसूण घेतला, मग गूळ घेतला, आणि थैली जड झाली तशी ती दर दहा पावलांवर थांबून हात बदलायला लागली. मी मागं. हात रिकामे. बाजारातल्या ओळखीच्या बायका बघायला लागल्या.

"धर ना वं थैली," आई दात आवळून म्हणाली.

"आई, मी नसतेच तर तू काय केलं असतं?"

"तू नसती तर मले लाज नसती वाटली!"

तेवढ्यात एक काकू आईला म्हणाल्या, "पोरगी लय शिकली वाटते." आईचा चेहरा असा झाला, की माझी मैत्रीण कांद्याच्या ढिगाआड जाऊन खाली बसली आणि उचक्या देत हसत राहिली. मला मात्र हसूही येत होतं आणि रडूही.

पण मग आईनं एक गोष्ट केली. ती किराणा दुकानात शिरली आणि साबणाची एक वडी घेतली. घरात साबणाचा ढीग होता, मला माहीत होतं. साबण घेतला आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "भाऊ, थैली ठेवू का जराशी? बटाटे घेऊन येतो." दुकानदार म्हणाला, ठेवा ताई. आई मोकळ्या हातानं निघाली, आणि तिची चालच बदलली. खांदे वर आले. बांगड्या बघितल्या, चादरींना हात लावून बघितला, एका बाईशी उभ्या उभ्या अर्धं लग्न जुळवलं.

आम्ही नंतर विचारलं, "मागच्या बाजारी थैली कुठं ठेवली होती?"

"त्याच दुकानात. तवा काड्याची पेटी घेतली होती."

"आणि त्याच्या आधी?"

आई हसायला लागली. "आता ठेवाचं म्हटलं तर काहीतरी घ्याच लागते ना! फुकट कसं म्हनाव, ठेवा म्हनून? एकडाव त्याच्या दुकानातून काही नाही घेतलं, तर थैली उचलताना मानच वर नाही झाली माही."

मग आम्ही बाजारभर फिरलो आणि प्रत्येक बाईला मागच्या बाजाराची गोष्ट विचारली. प्रत्येकीच्या घरात थैलीपायी घेतलेली एखादी वस्तू निघाली. एकीकडे नको असलेल्या अगरबत्त्या, एकीकडे पिना. एक बाई थैली ठेवायला म्हणून दर बाजारी चहा पिते आणि तिला चहा आवडतच नाही! आणि जिची कुठं ओळख नाही ती जड वस्तू शेवटी घ्यायची, म्हणजे तिच्या वाट्याला उरलेसुरले बटाटे.

एका लिंबाखाली आम्ही उसाचा रस पीत उभ्या होतो. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघी एकदम बोललो, "थैली ठेवाची जागा!" रस सांडला. आम्ही उड्या मारत होतो आणि रसवाला मशीन थांबवून विचारत होता, बाई, मुंगळा चावला का?

मॅडम म्हणाल्या, "छान. बांधू नका. एका बाजारापुरतं करून बघा. खोटं खोटं, पण खऱ्या माणसांसाठी."

एका दिवसापुरती जागा म्हणजे मंडप, आणि मंडप म्हणजे माझा मामा. त्याचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय. मामा म्हणाला, साधे पडदे सगळे बाहेर गेलेत, लग्नसराई आहे; पण जे शिल्लक आहे ते घेऊन जा. बाजाराच्या सकाळी टेम्पो आला तर त्यात लाल गालिचा, सोनेरी झालरीचे पडदे, नवरा-नवरीच्या दोन सिंहासनासारख्या खुर्च्या, आणि थर्माकोलची कमान. कमानीवर चमकीनं लिहिलेलं, 'शुभविवाह.'

"मामा, हे काय!"

"फुकटात काय राजवाडा पाहिजे का?" मामा म्हणाला. पण आणला होता तो राजवाडाच.

आता चिठ्ठीचा प्रश्न. कोणती थैली कोणाची, हे कसं ओळखायचं? कागदावर नंबर लिहून दिले तर बायका ते ब्लाऊजमध्ये खोचतात आणि घामानं शाई जाते, हे आम्ही आईवरच करून पाहिलं होतं. तेव्हा मैत्रिणीच्या डोक्यात आलं. अब्बांच्या गोदामात सुट्या बांगड्यांचं एक पोतं पडलं होतं, ज्यांचा डझन भरत नाही म्हणून विकल्या जात नाहीत अशा. एकसारख्या दोन काढायच्या. एक थैलीच्या बंदात अडकवायची, एक बाईच्या हातात भरायची. हातातली बांगडी हरवत नाही, ओली होत नाही, वाचावी लागत नाही. आईवर, काकूंवर, शेजारणींवर करून पाहिलं. सगळ्यांना इतकी मजा वाटली की त्या बांगडी परतच देईनात.

बाजार भरला. कमान उभी राहिली. पहिल्या काही बायका लांबूनच नमस्कार करून गेल्या. एक आजी आत आली, तिनं माझ्या कपाळाला बोटं लावून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली आणि विचारलं, "नवरदेव कुठी हाय?" मी म्हटलं, आजी, लगन नाही, थैली ठेवायची जागा आहे. आजी म्हणाली, "अवो बाप्पा! मंग माही ठेव." आणि तिनं धाडकन ज्वारीचं गाठोडं गालिच्यावर टाकलं. ठेवघर सुरू झालं.

पुढं काय झालं ते मला नीट क्रमानं आठवत नाही, कारण सगळं एकदमच झालं. मैत्रीण हात दाबून माप बघायची आणि भराभर बांगड्या चढवायची, तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं. मी बंदात बांगड्या अडकवत होते. थैल्या, पिशव्या, गाठोडी, एक पंखा, एक पाळणा. मिशीवाला एक दणकट माणूस दोन पोती घेऊन आला. आम्ही बांगडीकडे पाहिलं, त्याच्या मनगटाकडे पाहिलं, आणि एकमेकींकडे पाहायचं टाळलं. तो म्हणाला, "द्या अठी," आणि बांगडी मोटरसायकलच्या किल्लीत अडकवून बोटावर फिरवत निघून गेला. त्याच्यामागं पुरुषांची रांग लागली, प्रत्येकाला किल्लीत बांगडी हवी.

मग एक बाई आली. तिच्यामागं तिचा नवरा, काहीसा लंगडत.

"सामान ठेवता ना?"

"हो, मावशी."

"मंग यायले ठेवा." तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मावशी म्हणाली, "यायचा पाय दुखते, अन् तरी मांगं मांगं येते. अन् प्रत्येक दुकानात म्हनते, महाग हाय, चाल. मले बाजार करू द्या आज."

मैत्रिणीनं चेहरा अगदी गंभीर ठेवून विचारलं, "काका, रंग कोनता देऊ?" काका म्हणाले, "निया," म्हणजे निळा. निळी बांगडी काकांच्या शर्टाच्या गुंडीला लावली, जोडीची मावशीच्या हातात भरली आणि काकांना नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं. ते पाय पसरून असे बसले की जणू वरात आत्ताच पोचली आहे. थोड्या वेळानं दुसरी एक बाई आली, तिनं खुर्चीकडे पाहिलं, आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवरीची खुर्चीही भरली. दोघे काका आजूबाजूच्या गावचे निघाले, सोयाबीनवर गप्पा रंगल्या.

मॅडम बुलढाण्याहून आल्या तेव्हा कमानीखाली उभ्या राहून त्यांनी हे सगळं पाहिलं. त्यांच्या तोंडातून 'आणि मग' सुद्धा निघेना.

गर्दी भर रंगात असताना एक बाई आली. चाळिशीची असेल, फिकट साडी, डोक्यावर मोठी टोपली. टोपली तिनं उतरवली, मैत्रिणीनं सवयीनं तिचा हात हातात घेतला, आणि बाईनं तो हळूच मागं ओढला.

"मले नाही चालत हे, बाई," ती म्हणाली. मोकळं कपाळ, मोकळे हात. आम्ही किती जणींच्या हातात बांगड्या भरून पाहिल्या होत्या. त्यात विधवा बाई एकही नव्हती. आम्हाला सुचलंच नव्हतं.

ती टोपली पुन्हा उचलायला वाकली. मैत्रिणीचा चेहरा पांढरा पडला होता. पण तिचे हात थांबले नाहीत. तिनं मागं वळून मामाच्या पडद्याची झालर धरली आणि टर्रकन् फाडली. मामा तिकडून ओरडला, "ए पोरी!" सोनेरी झालरीच्या आतून रंगीत पट्ट्या शिवलेल्या होत्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या. तिनं त्या सुट्या करून बाईसमोर धरल्या. "मावशी, हे बांधू? एक टोपलीले, एक तुमच्या हाताले. कोनता रंग?"

बाई पट्ट्यांकडे बघत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "हिरवा दे."

मैत्रिणीनं हिरवी पट्टी तिच्या मनगटाला बांधली, छान फुलासारखी गाठ मारून. बाई हातावरून एकदा बोट फिरवून गर्दीत गेली. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला आम्ही पट्टीच बांधली, बायांना, पुरुषांना, सगळ्यांना. प्रत्येक पट्टी मधून वेडीवाकडी फाडायची, एक तुकडा थैलीला, एक हाताला; फाटलेले काठ जुळले की थैली त्याची. बांगड्यांचं पोतं बाजूला सारलं. मामाची झालर दुपारपर्यंत संपली आणि त्यानं स्वतःच दुसरी आणून दिली. "आता फाडलीच हाय तर फाडा," म्हणाला.

आणि मग कोंबडी. एका काकूंनी बाजारातून घेतलेली कोंबडी पाय बांधून, टोपलीत घालून आमच्याकडे ठेवली होती. तिनं टोपली कशी उलटवली देव जाणे, पण एकाएकी क्वाक क्वाक झालं आणि लाल गालिच्यावर, बरोब्बर दोन्ही सिंहासनांच्या मधोमध, एक अंडं! टाळ्या पडल्या. काकू धावत आल्या. पण कोंबडी विकणारी बाईही समोरच्या ओळीतच बसलेली, तीही उठून आली.

"अंडं माहं हाय," विकणारी म्हणाली. "मी कोंबडी इकली, अंडं नाही इकलं!"

"कोंबडी माही, तर पोट बी माहं!" काकू म्हणाल्या.

निळे काका खुर्चीतून न्याय द्यायला लागले. "अंडं ठेवघराचं. जागा त्यायची, गालिचा त्यायचा." दुसऱ्या काकांचं मत पडलं, की अंडं ज्या वेळी तयार झालं त्या वेळी कोंबडी कोणाची होती ते आधी काढा. यावर तीस-चाळीस माणसं वाद घालायला लागली. मॅडम गालिच्यावर बसून पोट धरून हसत होत्या आणि मध्येच मला सांगत होत्या, "बघ, बघ, हा प्रश्न आपल्याला वर्गात बसून जन्मात सुचला असता का?" शेवटी काकूंनी वाद चालू असतानाच अंडं उचललं, पदरात गुंडाळलं, कोंबडी बगलेत मारली आणि चालू पडल्या. विकणारी बाई तोंडाला पदर लावून हसत आपल्या जागेवर गेली.

निळ्या काकांची मावशी आली तेव्हा तिच्या हातात नवी चादर होती. "चाला," ती म्हणाली.

"थांब ना जराशी," काका म्हणाले. "तू चहा पिऊन ये."

संध्याकाळी बाजार उठला. एकही थैली चुकीच्या हातात गेली नव्हती. एक काकडी कोणाच्या तरी बकरीनं खाल्ली होती, तेवढं सोडलं तर सगळं ज्याचं त्याला पोचलं. हिरव्या पट्टीची बाई टोपली न्यायला आली, टोपलीची पट्टी तिनं सोडून दिली, हातातली दाखवून विचारलं, "ठेवू?" मैत्रीण म्हणाली, ठेवा ना. आई दिवसभर थैल्या उचलून ठेवून थकली होती, आणि येईल त्याला सांगत होती, "माही पोरगी डिझाइन शिकून राह्यली." मग हळूच माझ्या कानात, "म्हंजे हेच ना ते?"

मॅडमना घाट चढून जायचं होतं, मैत्रिणीलाही, आणि मामाचा टेम्पो बुलढाण्याला एका लग्नाला खुर्च्या पोचवायला निघालाच होता. मीही चढले, उगीचच, तो दिवस संपू नये म्हणून. मॅडम पुढे केबिनमध्ये. आम्ही दोघी मागं सिंहासनांवर. राजूर घाटाची वळणं आली की खुर्च्या एका बाजूला सरकायच्या, आम्ही किंचाळायचो, समोरून येणाऱ्या बसमधले लोक नवरी कोणती ते बघायला खिडकीतून वाकायचे. मैत्रीण त्यांना राणीसारखा हात हलवून दाखवायची. खाली मोताळ्याकडचा सगळा सपाट मुलूख संध्याकाळच्या उन्हात पसरला होता, कपाशीचे चौकोन, रस्ते, झाडं, आणि मला वाटलं, या प्रत्येक चौकोनात कुणीतरी काहीतरी अवघड रीतीनं करत असेल, आणि आपण जाऊन शेजारी बसून बघू शकतो. इतकी हलकी मी कधीच झाले नव्हते. मी ओरडून तिला विचारलं, "आपन हेच करू का गं, जन्मभर?"

"काय?"

"हेच!"

"कोंबड्या ठेवाचं?" आणि तिची उचकी सुरू झाली.

आम्ही तेच करतो आता. बुलढाण्यात एक छोटं ऑफिस आहे, दोन टेबलं आणि भिंतभर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. कोणी म्हणतं दवाखान्यातली रांग बघा, कोणी म्हणतं गोदामात पोती मोजताना गोंधळ होतो ते बघा. आम्ही जातो, बसतो, बघतो. माझ्या घरच्यांनी स्थळांचा विषय काही काळ बाजूला ठेवला आहे. तिचे अब्बा अजून लोकांना सांगतात की मुलगी कम्प्युटरमध्ये आहे.

मोताळ्यातलं ठेवघर एका बचत गटानं चालवायला घेतलं. आम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि त्यांनी त्यातलं बरंच काही बदलून टाकलं. लहान मुलांसाठी एक झोळी बांधली. जनावरं बंद. नवरे मात्र घेतात, त्यांच्यासाठी वेगळा बाक आहे.

परवा आम्ही दोघी मुद्दाम बाजाराच्या दिवशी गेलो. गर्दी होती. कमानीच्या जागी पत्र्याचं छप्पर होतं, आणि काउंटरवर एक नवीन बाई होती, आम्हाला न ओळखणारी. आम्ही एका बाजूला उभं राहून बघत राहिलो, ती पट्टी कशी बांधते, थैल्या कशा रचते, घाईत कोणता हात वापरते. माझ्या मैत्रिणीनं वही काढली.

बाईनं डोकं वर केलं. "काय पाहून राह्यल्या वो ताई तुम्ही? थैली असल तर ठेवा, नसल तर सरका बाजूले. मांगं मानसं हायत."

आम्ही सरकलो. पलीकडे गरम भज्यांचा घाणा निघत होता, तिकडं गेलो.